दोन तास एकोणचाळीस मिनिटं

ते पान कसं असायचं ते आधी सांगतो. असली पानं पुष्कळांनी पाहिलेली असतात, पण ती कोण बनवतं हे कुणाला ठाऊक नसतं. सगळ्यात वर दोन विमानतळांची नावं, खाली दोघांमधलं अंतर, आणि त्याखाली जाड अक्षरांत प्रवासाचा वेळ. मग चार वाक्यं, ज्यांत काहीही सांगितलेलं नसायचं. आजूबाजूला हॉटेलांच्या, बॅगांच्या आणि लग्न जुळवणाऱ्यांच्या जाहिराती. ती चार वाक्यं मी लिहायचो.

ऑफिस हडपसरच्या पुढे, मांजरीच्या अंगाला होतं. नवी काचेची इमारत, आणि मागच्या खिडकीतून अजून न विकलेल्या जमिनीवरचा ऊस दिसायचा. आमचं घर खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. खडकी ते मांजरी सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर भरेल. मला दोन बस बदलून दीड तास लागायचा. ही गोष्ट मी रोज दोनदा अंगावर घ्यायचो आणि तरीही ऑफिसात बसून सरळ रेषांवर विश्वास ठेवायचो. शिकलेल्या माणसाला मूर्खपणा वेगळा शिकवावा लागत नाही.

काम सोपं होतं. जगातले सगळे विमानतळ, मोठे, छोटे, बंद पडलेले, गवत वाढलेले, एका यादीत होते. आमचा प्रोग्राम त्यातले कुठलेही दोन उचलायचा आणि पत्रिका न बघता त्यांचं लग्न लावून द्यायचा. पृथ्वीच्या गोळ्यावर दोघांमध्ये दोरी ताणली तर किती लांब होईल ते काढायचं, ताशी आठशे किलोमीटरनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झालं पान. त्या दोन ठिकाणांमध्ये कधी विमान उडालं आहे का, हे प्रोग्रामला माहीत नव्हतं आणि आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. उलट जितकी आडगावची जोडी तितकं चांगलं, कारण त्या जोडीवर दुसऱ्या कुणाचं पान नसायचं. शोधणारा माणूस थेट आमच्याच दारात यायचा.

आणि आता माझं पाप. सुरुवातीला प्रोग्राम वेळ पाच-पाच मिनिटांत द्यायचा. दोन तास चाळीस, तीन तास दहा असा. आमचा टीम लीड नारायण पेठेतला, बोलण्यात कोरडा आणि डोक्याने तल्लख. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "लोक थांबत नाहीयेत पानावर. अंदाजपंचे वाटतंय म्हणतात."

मी म्हणालो, "चाळीस लिहू नका. एकोणचाळीस लिहा. पूर्ण आकडा सांगितला की थाप वाटते, अडनिडा सांगितला की कुणीतरी मोजलंय असं वाटतं."

हे मी कुठे शिकलो होतो? घरी. माझे बाबा कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. खाजगीकरणाच्या विरोधात, कंत्राटी भरतीच्या विरोधात, कँटीनच्या डाळीच्या विरोधात. अक्षरओळख मला शाळेच्या आधी पत्रकांनी करून दिली. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही घड्या घालायचो आणि सोमवारी पहिल्या पाळीला बाबा गेटवर उभे राहायचे. ते म्हणायचे, "पत्रकात एक वाक्य खोटं असलं की उरलेली सगळी खरी वाक्यं साहेबाच्या कामाला येतात." आणि हेही सांगायचे की 'अनेक कामगार जखमी' असं लिहू नये, नेमका आकडा लिहावा. नेमका आकडा माणसाला थांबवतो. त्यातलं पहिलं वाक्य मी विसरलो आणि दुसरं कंपनीला विकलं. टीम लीडनं पाठ थोपटली. दुपारी सगळ्यांना समोसे मिळाले.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये काका-काकू राहायचे. मूळचे चंद्रपूरकडचे. काका बाबांबरोबर कारखान्याच्या एकाच शॉपमध्ये तीस वर्षं होते. काकूंनी पुण्यात इतकी वर्षं काढली पण बोलणं सोडलं नाही. मला त्या 'बाबू' म्हणायच्या, आणि मला नोकरी लागली तेव्हा आमच्या आईला म्हणाल्या होत्या, "बाबू विमानाच्या हापिसात लागला म्हणते. आता आमाले फुकट बसवते का बघू." मी विमानाच्या हापिसात नाही हे मी तीनदा समजावलं. नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

त्यांचा एकुलता मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, सैन्यात होता. त्या काळात हिमालयातल्या एका ठाण्यावर होता. त्या ठाण्याच्या खाली, दरीत, लष्कराची विमानं उतरणारी एक धावपट्टी होती. काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली आणि दोघं गावी गेले. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. जिल्ह्यालाही एक धावपट्टी होती.

मे महिन्यातला सोमवार होता. अकराच्या सुमारास माझा मोबाईल वाजला. काकू होत्या.

"बाबू, तुहे काका गेले रे."

सकाळी नऊला अंगणात चहा पिता पिता खाली बसले आणि उठलेच नाहीत, असं त्या म्हणाल्या. त्यांनी मला रडू दिलं नाही. त्यांना एक गोष्ट विचारायची होती आणि त्यासाठीच फोन केला होता.

दादाला निरोप पोचला होता. ठाण्यावरून त्याचा फोन आला. "मी निघतो. बाबांना नेऊ नका, मला बघू द्या," एवढं बोलला आणि लाइन गेली. आता घरात मोठी माणसं जमली होती. मे महिना, विदर्भातलं ऊन. कुणी म्हणत होतं संध्याकाळच्या आत उरकून घ्या, अग्नी पुतण्या देईल. कुणी म्हणत होतं पोरगा जिवंत असताना पुतण्यानं का द्यावा. आणि एक तिसरी वाट होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात मृतदेह थंडीत ठेवायची सोय होती. पोराला दोन-तीन दिवस लागणार असतील तर काकांना तिकडे न्यायचं.

"म्हणून तुले विचारते. पोराले याले किती वेळ लागते, पक्कं सांग. संध्याकाळपर्यंत येत असल तर त्याले इथंच घरात ठेवतो. उगीच दवाखान्यात कायले न्यायचं, पोस्टमार्टमवाल्या जागी."

मी म्हणालो, "एक मिनिट थांबा, काकू."

आणि मी आमची साइट उघडली. एका चौकोनात ती पहाडातली धावपट्टी टाकली, दुसऱ्यात जिल्ह्याची. दोन्ही नावं यादीत होती, दोघांचं पान तयार होतं. अंतर एक हजार सातशे वीस किलोमीटर. वेळ दोन तास एकोणचाळीस मिनिटं.

हे गणित कसं होतं ते मला माहीत होतं. आठशेनं भागलेलं, अर्धा तास मिळवलेला. तो एकोण तर माझाच होता. तरी मी ते पान वाचलं आणि मानलं. मनाशी म्हटलं, सैन्याचं विमान आहे, जवानाचे वडील गेलेत, सोडतील की थेट. दिवसभर पडद्याकडे बघून माणसाचं असं होतं. आपणच शेंदूर फासायचा आणि आपणच नमस्कार करायचा.

"दोन तास एकोणचाळीस मिनिटं, काकू. निघायला, तयारीला आणखी तीन तास धरा. पाच वाजेपर्यंत धावपट्टीवर उतरेल. कुणाला तरी गाडी घेऊन पाठवा."

"पक्कं?"

"पक्कं. आमच्याच साइटवर आहे."

त्यांनी फोन ठेवला. काकांना घरातच ठेवायचं ठरलं. पुतण्या शेजाऱ्याची जीप घेऊन चार वाजता जिल्ह्याच्या धावपट्टीवर जाऊन उभा राहिला.

सात वाजता त्याचा मला फोन आला. मी ऑफिसातच होतो.

"भाऊ, विमान केव्हा येते? मी इथं तीन तासांपासून उभा आहो. इथं कुत्रं नाही."

"कुणाला तरी विचार ना तिथे."

"एक चौकीदार आहे. तो हासते. म्हणते, कायचं विमान जी? मंत्री आले त येते, नाहीत बकऱ्या येतात."

मी त्याला म्हणालो, "थांब. मी चौकशी करतो आणि कळवतो."

मी टीम लीडकडे गेलो. त्याचं जॅकेट खुर्चीला होतं, तो निघायच्या तयारीत. मी त्याला पान दाखवलं आणि विचारलं, "या दोघांमध्ये विमान आहे का?"

त्याने चष्मा वर केला. "मला काय माहीत?"

"आपल्या पानावर वेळ दिलाय."

"वेळ दिलाय. विमान दिलंय का? नीट वाच. 'या दोन विमानतळांमधला हवाई प्रवासाचा वेळ इतका आहे.' विमान जातं असं एका तरी वाक्यात लिहिलंय? आणि वाक्यं तूच लिहितोस, मला काय विचारतोस."

"लोकांना वाटतं जातं."

"लोकांना वाटण्यावर आपला ताबा नाही. अरे, ही काय एसटीची चौकशी खिडकी आहे का?"

मी त्याला काका सांगितले, जीप सांगितली, ऊन सांगितलं. त्याचा चेहरा खरंच पडला. तो वाईट माणूस नव्हता, याचीच मला आजही जास्त चीड येते. "सॉरी रे," तो म्हणाला. "पण तू कशाला सांगितलंस? तुला तर माहीत होतं." आणि त्याची कॅब आली म्हणून तो गेला.

तेव्हा माझं डोकं फुटायची वेळ आली. पान खोटं बोलत नव्हतं! एकेक शब्द तपासून पाहा, कोर्टात न्या, निर्दोष सुटेल. एकही खोटं वाक्य न लिहिता माणसाला धावपट्टीवर उभं करता येतं, हे आमचं नवं शास्त्र. जुना सावकार निदान खोटा आकडा लिहायचा, तो दाखवता यायचा. इथे आकडा बरोबर, दोरीची लांबी बरोबर, आणि दोरीच्या टोकाला काहीच नाही. देश मोकळा झाला, खिडक्या उघडल्या, जग जवळ आलं, असं मी शाळेपासून ऐकत होतो. जवळ काय आलं होतं? पहाडातलं ठाणं आणि चंद्रपूरकडचं गाव पडद्यावर दोन तास एकोणचाळीस मिनिटांवर आले होते. मधली माणसं, मधले रस्ते, मधला बर्फ, सगळं आम्ही भागाकारात उडवून टाकलं होतं. आणि ते उडवायचा मला पगार मिळत होता, त्याचं आईला कौतुक होतं.

मी जागेवर बसलो आणि सगळ्या ऑफिसला मेल लिहायला घेतला. मला दुसरं काही येत नव्हतं. बाबांच्या पत्रकासारखा लिहिला. वर मथळा, मग घटना, मग मागणी. मागणी एकच होती: ज्या दोन विमानतळांमध्ये विमान जात नाही, त्यांच्या पानावर सगळ्यात वर, वेळेच्याही वर, तसं स्पष्ट लिहा. एक वाक्य. मी ते पाच-सहा वेळा खोडून लिहिलं. धार आली पाहिजे, रडगाणं वाटता कामा नये. पाठवलं तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि मला बरं वाटत होतं. खरोखर बरं वाटत होतं. मग दोन बस बदलून घरी आलो, जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना गावाकडून फोन आला. रात्रभर त्यांनी वाट पाहिली होती. बर्फ आणला नव्हता, कारण संध्याकाळपासून पोरगा येतोच होता. सकाळी उन्हं चढायच्या आत वास सुटला. मोठ्यांनी घाई केली. पुतण्यानं अग्नी दिला. काकूंना चेहरा उघडू दिला नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी कापडावरून पाया पडून घ्या म्हणाले.

दादा बुधवारी दिवेलागणीला पोचला. त्या सकाळीच अस्थी गोळा करून झाल्या होत्या.

ऑफिसात माझ्या मेलचं काय झालं ते सांगतो. दोघांनी 'छान लिहिलंय' म्हणून उत्तर दिलं. एकीनं जेवणाच्या सुट्टीत डोळे पुसले. एकानं विचारलं, "इन्किलाब झिंदाबाद कधी म्हणायचंय, लंचच्या आधी की नंतर?" आणि मंगळवारी संध्याकाळी मला आत बोलावून वरच्या साहेबांनी शांतपणे समजावलं की ते वाक्य घातलं तर माणूस ते वाचून पान बंद करील, आणि माणसानं पान बंद करणं हे आपल्या धंद्याच्या उलट आहे. "तुमच्या भावनांचा आदर आहे," असं ते दोनदा म्हणाले. मी बाहेर येऊन त्या एका पानावर ते वाक्य स्वतःच्या हातानं घातलं. बुधवारी सकाळी बघितलं तर गेलेलं. कुणी काढलं नव्हतं. प्रोग्राम रोज पहाटे सगळी पानं नव्यानं तयार करतो, त्यात ते धुतलं गेलं होतं. मी पुन्हा घातलं. पुन्हा गेलं. असं मी आठ दिवस केलं. नववा दिवस आला नाही, कारण तयार पानं बदलायची माझी किल्लीच काढून घेतली. नोकरी मी महिनाभरानं सोडली, पण ते शौर्य म्हणून सांगत नाही. तोवर मी तिथे राहून दुसऱ्या पानांची चार-चार वाक्यं लिहीतच होतो.

तेरावा झाल्यावर दादा पुण्याला आला. काकूंच्या पेन्शनसाठी कारखान्यात मृत्यूचा दाखला द्यायचा होता. आमच्याकडेच उतरला. सकाळी आईनं पोहे केले आणि तो खाता खाता कसा पोचला ते सांगत होता. सोमवारी ठाण्यावरून पायी खाली उतरला, तेच संध्याकाळपर्यंत. मंगळवारी पहाटे ट्रकनं धावपट्टीला. तिथे ढग, विमान दुपारपर्यंत येईना. मग मोठ्या शहरात, मग रेल्वे, रिझर्वेशन नव्हतं म्हणून दाराशी बसून नागपूर, मग बस. छप्पन्न तास.

"सगळे रस्त्यात चांगले भेटले," तो म्हणाला. "टीसी पण काही बोलला नाही. एकच कळत नाही, घरच्यांना मी त्याच संध्याकाळी येणार असं वाटलं कसं? धावपट्टीवर जीप पाठवली होती म्हणे. आई काही सांगत नाही, दुसऱ्या कुणाला सांगूही देत नाही."

म्हणजे काकूंनी माझं नाव घेतलं नव्हतं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. साइट, भागाकार, एकोणचाळीस, कंपनी, मेल, आठ दिवस घातलेलं वाक्य. सांगता सांगता माझा आवाज चढला, कारण कंपनीबद्दल बोलताना तो आपोआप चढतो. बाबा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी दादानं बशी बाजूला ठेवली.

"आईशी बोललास?"

"नाही."

"त्यानंतर एकदाही नाही?"

"नाही."

त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला, "आई, हा बोलतोय" म्हणाला आणि माझ्या हातात दिला.

"बोल बाबू," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा सुरू केलं. पान कसं बनतं, कंपनी कशी आहे, मी कसा भांडलो. काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"ते समजलं मले. तुह्या कंपनीचं मी काय करू? मले एक सांग. चौकीदार हासला ते पुतण्यानं तुले सात वाजता सांगितलं ना?"

"हो."

"तू त्याले म्हणालास, कळवतो. तो घरी येऊन हेच म्हणे, पुण्याहून फोन येते. आमी फोनापाशी बसलो. जीप दारात उभी होती बाबू, डिझेल भरलेली. विमान नाही एवढं जरी म्हणाला असतास, तर तवाच नेलं असतं त्याले दवाखान्यात. पोरानं पाहिला असता बाप. मी पाहिला असता."

मग त्यांनी विचारलं,

"सात वाजता तू काय करत होतास?"

"मेल लिहीत होतो, काकू."

"कोणाले?"

"ऑफिसला."

पलीकडे कुणीतरी अंगणात भांडी घासत होतं.

"बरं," काकू म्हणाल्या. "दे आता दादाले."